बार्शी रोड ते कळंब रोड : जुन्या लाइनीवरचे चार दिवस

पहिला दिवस : कुर्डुवाडी

आमच्या घरात ‘कंपनी’ म्हटलं की एकच कंपनी. बार्शी लाईट रेल्वे. आजोबा तिच्यात चावीवाले होते. उजाडायच्या आत हातोडा आणि पाना घेऊन निघायचं, आपल्या हद्दीतली लाइन पायी तपासत जायचं, सैल झालेली चावी, म्हणजे रूळ धरून ठेवणारी पाचर, ठोकून घट्ट करायची आणि ऊन चढेपर्यंत परतायचं. १९५४ मध्ये सरकारनं लाइन ताब्यात घेतली, कंपनी गेली, पगाराच्या कागदावर मध्य रेल्वे आली. तरी आजोबा शेवटपर्यंत ‘म्या कंपनीत हुतो’ असंच सांगायचे. त्यांची हद्द कळंब रोड स्टेशनच्या दोन्ही अंगांना. स्टेशन कळंब रोड, गाव मात्र तडवळे. कसबे तडवळे, जिल्हा धाराशिव.

ते स्टेशन मी लहानपणी दोनदा पाहिलं. रूळ इतके जवळजवळ होते की एक पाय एका रुळावर आणि दुसरा दुसऱ्यावर ठेवून उभं राहता यायचं, हे पक्कं आठवतं. मग आजोबा गेले, घर विकलं गेलं, जाणं तुटलं. या वर्षी मार्गशीर्ष लागला तसं मनात आलं, की या वेळची येळवस तडवळ्यात करायची आणि तिथं थेट न जाता कुर्डुवाडीपासून लाइन धरून जायचं.

पुण्याहून सकाळची गाडी पकडली. दौंड गेलं, भीमा ओलांडली, उसाचे मळे मागं पडत गेले आणि दुपारी कुर्डुवाडी आलं. हे जंक्शन पाहताना एक गोष्ट सारखी मनात ठेवावी लागते, की इथं मुळात गाव नव्हतं. पलीकडं कुर्डू हे गाव, आणि ही त्याची वाडी. १८५९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे (जीआयपीचे) रूळ इथवर आले आणि पुढच्या वर्षी सोलापूरला पोचले. बोरघाटातली चढण तेव्हा अजून पुरी व्हायची होती. ती १८६३ मध्ये झाली. म्हणजे मुंबईला सलग जोडली जाण्याच्या चार वर्षं आधीच या माळावर इंजिन धावत होतं. स्टेशनाला नाव दिलं बार्शी रोड. कारण त्या काळी या भागात नाव घेण्याजोगी पेठ होती ती बार्शी, आणि बार्शी इथून २१ मैल आत.

रेल्वेच्या भाषेत ‘रोड’ म्हणजे काय, हे या भागातल्या पोरालाही न शिकवता कळतं. रोड म्हणजे तुमचं गाव अजून आलेलं नाही. उतरा, बैलगाडी बघा, नाहीतर चालायला लागा. बार्शीचा कापूस, गळिताचं धान्य, ज्वारी हे सगळं त्या २१ मैलांवरून गाड्यांनी यायचं. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक आसापर्यंत रुतलं, की माल रस्त्यातच.

ही अडचण एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्यानं हेरली. १८८२ मध्ये तो जीआयपीत लोको इन्स्पेक्टर म्हणून हिंदुस्थानात आला होता. मोठ्या लाइनीला माल आणून देणाऱ्या लहान लाइनी टाकल्या तर आतल्या पेठा जोडल्या जातील, आणि त्या स्वस्तात टाकता येतील, हे त्याच्या डोक्यानं घेतलं. नोकरी सोडून तो वर्षानुवर्षं याच एका गोष्टीच्या मागं लागला. १८९५ मध्ये कंपनी उभी राहिली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाऊन गाडी सुरू झाली.

त्याचं गणित मला फार आवडतं, म्हणून जरा थांबून सांगते. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. रूळ वाराला अवघे ३० पौंड. एवढ्या हलक्या रुळावर जड गाडी चालवायची तर वजन वाटून द्यायला हवं. म्हणून त्यानं नियम घातला, की इंजिन असो, प्रवाशांचा डबा असो की मालाचा, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. लीड्सच्या किटसन कारखान्यानं त्याच्यासाठी जी इंजिनं बनवली त्यांना आठ मोठी चाकं आणि मागं चार लहान. सहा आसांवर वजन पसरलेलं. डबे पोलादी सांगाड्याचे, सगळे एका मापाचे. हे सामान बोटीत चढवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथं खास लाइन टाकून त्यानं ते चालवून दाखवलं. पुढं इंग्लंडमध्ये मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात त्यानं याच मापाची लाइन बांधली. ती १९०४ मध्ये सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंदही पडली. आमची बार्शी लाईट त्यानंतर सत्तर वर्षं चालली. हे मी अभिमानानं लिहिते आहे. त्या लाइनीच्या चाव्या आमच्या माणसांनी ठोकल्या होत्या.

कॅल्थ्रॉपचं आणखी एक. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, तोच रोल्स-रॉइसमधला, १९१० मध्ये विमान कोसळून गेला. त्यानंतर हा रेल्वेवाला हवाई छत्र्या बनवायच्या मागं लागला आणि पहिल्या महायुद्धात त्याची ‘गार्डियन एंजल’ नावाची छत्री वापरलीही गेली. मला या दोन्ही कामांत एकच माणूस दिसतो. पडणारं वजन कसं पेलायचं, याचा विचार करणारा.

संध्याकाळी वर्कशॉपच्या बाजूनं चालत गेले. लहान गाडीची इंजिनं आणि डबे इथंच दुरुस्त व्हायचे. लहान गाडी गेली, वर्कशॉप राहिलं. चहाच्या टपरीवर एका निवृत्त फिटरमामांशी गाठ पडली. आजोबा चावीवाले होते म्हटल्यावर त्यांनी बाकावर सरकून जागा दिली.

“कोणत्या सेक्शनला?”

“कळंब रोड.”

“म्हंजी तडवळं. घाटाच्या वरलं.” मग थोडं थांबून म्हणाले, “चावीवाल्याच्या जिवावर आमी निवांत झोपायचो, बाई.”

आजोबांबद्दल इतकं चांगलं मी घराबाहेरच्या कुणाकडून ऐकलं नव्हतं. चहाचे पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत.

दुसरा दिवस : बार्शी, पांगरी, येडशी

रात्री लॉजवर झोप बरी लागली. सकाळी बार्शीला आले. आता या लाइनीवर ब्रॉडगेज आहे. २००८ मध्ये कुर्डुवाडी ते लातूर असं रुंदीकरण पुरं झालं. कुर्डुवाडी-पंढरपूर त्याआधीच झालं होतं आणि पुढं मिरजेपर्यंतचं नंतर. आजोबांना ज्या अंतराला अर्धा दिवस लागायचा ते मी एवढ्यात आले, याचं कौतुक वाटावं की वाईट, ते कळेना. आजी सांगायची, चढणीला गाडी इतकी हळू व्हायची की पोरं उतरून बोरं तोडायची आणि पुन्हा चढायची. लाइनीवरच्या प्रत्येक घरात ही गोष्ट सांगतात, आणि प्रत्येक घरात ती आपल्याच पोरांची असते.

बार्शीत आधी भगवंताच्या देवळात गेले. पंढरपुरात एकादशी करायची आणि द्वादशीला बार्शीला भगवंताच्या दर्शनाला यायचं, ही जुनी रीत. अंबरीष राजाच्या द्वादशीच्या व्रताची कथा इथलीच मानतात आणि बारस म्हणून बार्शी असंही सांगतात. या रीतीला रेल्वेनं पाय दिले. १९०६ मध्ये कंपनीनं कुर्डुवाडीहून पंढरपूरला लाइन नेली. कापसासाठी काढलेल्या गाडीला वारकरी मिळाले. आषाढी-कार्तिकीला डब्यात जागा नसायची, टपावर माणसं बसायची, आणि आजी म्हणायची की इंजिनाच्या शिट्टीपेक्षा टाळांचा आवाज आधी यायचा.

बाजार समितीच्या आवारात तासभर फिरले. ज्वारीचा मोसम यायचा होता, तुरीची आवक मात्र सुरू होती. एके काळी इथं कापडगिरण्या होत्या. जयशंकर मिलचं नाव घेतलं की म्हातारी माणसं अजून भोंग्याची वेळ सांगतात. बार्शीची सगळी भरभराट लाइनीमुळं झाली असं कुणी म्हणालं तर मी ते मानणार नाही, कारण पेठ आधीपासून होती आणि म्हणूनच तर लाइन आली. पण पेठेचा माल बंदरापर्यंत पोचायचा खर्च कमी झाला, हे खरं. फलकावर अजून ‘बार्शी टाऊन’ लिहितात. रोडवर उतरून हळहळलेल्या माणसाला हे गावच आहे, इथं उतरलं तरी चालेल, असं सांगणारं ते ‘टाऊन’.

दुपारी वडापनं पांगरीला आणि तिथून येडशीला. हा टप्पा जमिनीची चढण पाहण्यासाठी मुद्दाम रस्त्यानं केला. बार्शीचं सपाट रान संपतं आणि बालाघाटचे डोंगर उभे राहतात. लाइनीला या डोंगरावर चढून वरच्या पठारावर यायचं होतं. कॅल्थ्रॉपच्या इंजिनांची खरी कसोटी इथं. मापानं लहान असलेल्या लाइनीचा फायदाही इथंच कळतो. ती आखूड वळणं घेऊ शकते, डोंगराच्या कुशीत शिरू शकते. मोठे बोगदे, मोठे भराव लागत नाहीत.

येडशीजवळ रामलिंगाचं देऊळ दरीत आहे. जटायू इथं पडला, अशी इथली श्रद्धा. झाडी दाट, वानरं भरपूर, भोवती अभयारण्य. दरीच्या काठावर उभं राहून जुन्या लाइनीचा माग डोळ्यांनी शोधत राहिले. कुठं सपाट पट्टी दिसते, कुठं दगडी काम गवतात हरवलेलं. आजोबांची हद्द इथपर्यंत नव्हती. पण घाटातल्या चावीवाल्यांबद्दल ते वेगळ्या आदरानं बोलायचे. पावसात दरड सुटली, की गाडीच्या आधी तिथं पोचायचा तो माणूस.

आणखी एक गोष्ट इथं सांगितली पाहिजे. बार्शी तालुका इंग्रजी मुलखात, आणि पुढचा धाराशिव-लातूरचा मुलूख निजामाचा. म्हणजे ही चिमुकली गाडी दोन राज्यांतून धावायची. इकडं कलदार रुपया, तिकडं हाली सिक्का. हद्दीवर करोडगिरी, म्हणजे निजामी जकात. आजीच्या माहेरून लग्नाचं कापड बार्शीहून आलं तेव्हा ते करोडगिरीवाल्यांपासून कसं वाचवलं, हा तिचा आवडता किस्सा होता. १९४८ पर्यंत ही हद्द टिकली. स्वातंत्र्यासाठी झगडणारी निजामी मुलखातली पोरं हद्द ओलांडून बार्शीकडं यायची, तिथं त्यांची शिबिरं होती. गाव सोडून आलेल्या कितीजणांनी या गाडीची खिडकी धरली असेल.

मुक्काम येडशीत, एका लांबच्या मावशीकडं. मावशी म्हणाली, “उद्या येळवस. सकाळी लवकर जा. उशीर केलास तर गावात माणूस गावायचं न्हाई.”

तिसरा दिवस : तडवळे

मावशीचं म्हणणं खरं ठरलं. पॅसेंजरनं कळंब रोडला उतरले तेव्हा माझ्याबरोबर उतरणारी मोजून चार माणसं आणि त्यांतली तीन थेट शेताकडं वळली. डोक्यावर टोपली, टोपलीवर घोंगडं.

वेळ अमावस्या, आमच्याकडं येळवस, हा सण धाराशिव, लातूर या पट्ट्यात ज्या जिवानं करतात तसा इतर ठिकाणी मी पाहिला नाही. रब्बी उभी असते, ज्वारी पोटऱ्यात आलेली, हरभऱ्याला घाटे. सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपट, करतात, तिच्यात पाच दगड मांडून पांडव पुजतात आणि ‘ओलगे ओलगे’ म्हणत शेतात आंबील शिंपडत फिरतात. शब्द कानडी वळणाचे. हद्दी कशाही आखल्या तरी भाषा रानातून ये-जा करत राहिल्या, हे त्या दोन शब्दांत ऐकू येतं.

तर गाव रिकामं आणि स्टेशन माझं एकटीचं. फलाटावर पिवळा फलक, काळी अक्षरं, कळंब रोड. कळंब हे तालुक्याचं गाव इथून जीपनं पाऊण-एक तासावर. तिथं रेल्वे गेली नाही म्हणून इथल्या फलकावर त्याचं नाव. ज्यांच्या जमिनीतून लाइन गेली, ज्यांनी खडी फोडली, पाणी भरलं, चाव्या ठोकल्या, त्या तडवळ्याचं नाव मात्र फलकावर नाही. लहानपणी आजोबांना विचारलं होतं, आपलं गाव कुठं लिहिलंय? ते म्हणाले होते, “गाव काय वाचायचं असतं व्हय? गावात उतरायचं असतं.” तेव्हा पटलं होतं. आज त्या फलकासमोर उभी राहिले आणि तितकंसं पटेना.

कारण लाइनीच्या इतिहासात तडवळ्याचं नाव आहे. बार्शीहून पूर्वेला निघालेली लाइन १९०७ मध्ये तडवळ्यापर्यंत आली आणि तिथंच थांबली. लातूरला ती पोचली १९११ मध्ये. म्हणजे चारेक वर्षं तडवळे हे या लाइनीचं शेवटचं टोक होतं. रूळ संपतात ते गाव. लातूरचा, कळंबचा, पार पलीकडच्या रानांचा माल इथं यायचा आणि इथून गाडीत चढायचा. त्या चार वर्षांत या माळावर किती बैलगाड्या सुटल्या असतील, किती चुली पेटल्या असतील! पुढं लाइन लातूरला गेली आणि तडवळे मधलं स्टेशन झालं. लातूर वाढलं, त्याची पेठ झाली, पुढं जिल्हा झाला. कुर्डुवाडीचं नशीब याच्या उलटं. तिथल्या फलकावरचं ‘बार्शी रोड’ जाऊन वाडीचं नाव आलं. तडवळ्याच्या वाट्याला ‘रोड’ राहिला.

नवे रूळ, नवा फलाट, विजेच्या तारा. लहानपणाच्या स्टेशनाशी हे जुळवताना मला दिशाच लागेना. शेवटी एका लिंबाच्या झाडावरून अंदाज बांधला आणि जुन्या लाइनीच्या बाजूनं आजोबांच्या हद्दीत थोडं चालून आले. ते येडशीच्या बाजूला जायचे तेव्हा सूर्य पाठीशी असायचा, येताना तोंडावर. ढोकीकडं जायची पाळी असली की याच्या उलट. चालताना त्यांचं एक वाक्य आठवत होतं. चावी सैल आहे की नाही ते डोळ्यांना दिसत नाही, हातोडा मारल्यावर आवाजानं कळतं. घट्ट चावी टणक वाजते, सैल चावी बसक्या आवाजात बोलते. शेवटी शेवटी त्यांना ऐकू कमी येऊ लागलं, तेव्हा नोकरी राहिली नाही याचा त्यांना आनंदच झाला. आता ऐकू न येता कुणाची गाडी माझ्या भरवशावर सोडायची, म्हणायचे.

परत येते तर स्टेशनजवळच्या शेतातून एक आजी हात हलवत होत्या. “कोणाची गं तू? एकटीच काय फिरायलीस? सणाच्या दिशी उपाशी हिंडतं का कुणी?”

मी आजोबांचं नाव सांगितलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “चावीवाल्याची नात व्हय! ये, बस.”

मग जे जेवले ते जन्मभर लक्षात राहील. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, मडक्यात गार झालेली. भज्जी, म्हणजे ओला हरभरा, तूर, वाटाणा, वाल, मेथी, चुका असं हाती लागेल ते सगळं एकत्र शिजवलेलं. बाजरीचे उंडे. तीळ लावलेली बाजरीची भाकरी. गव्हाची खीर. पुण्यात आम्ही हे सगळं करून पाहिलं आहे, पण भज्जीला रानातली चव येत नाही. हरभरा तोडल्यापासून तासाभरात चुलीवर चढायला हवा.

आजींचे यजमान, त्यांना सगळे आण्णा म्हणत होते, ऐंशीच्या घरातले. त्यांना मी बाबासाहेबांबद्दल विचारलं. कारण तडवळ्याचं नाव महाराष्ट्राच्या इतिहासात आणखी एका ठिकाणी आहे. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी इथं महार-मांग वतनदार परिषद भरली होती आणि तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. निजामाच्या मुलखातलं एवढंसं गाव, आणि तिथं ही परिषद. महारवतन म्हणजे पिढीजात बिनमोलाची चाकरी. त्या बेडीबद्दल बाबासाहेब आधीपासून बोलत होते. तडवळ्याला त्यांना ऐकायला गावोगावची माणसं जमली.

आण्णांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता, पण वडिलांकडून ऐकलेलं त्यांना पाठ होतं. बाबासाहेब लाइटीनं, म्हणजे बार्शी लाईट रेल्वेनं, आले, स्टेशनावर उतरले आणि बैलगाड्यांच्या ताफ्यातून त्यांना गावात मिरवत नेलं, असं गावात सांगतात. आण्णा म्हणाले, “आमच्या म्हाताऱ्यानं बैलाची शिंगं आदल्या राती रंगवली हुती. तेलात भिजवून. पोळ्याला बी तेवढी रंगवली नसंल.” आणि मग, “हितं लाइट नसती तर बाबासाहेब कशापायी येतील? कळंबाला गेलं असतं, धाराशिवाला गेलं असतं. हितं टेशन हुतं.”

आण्णांचं म्हणणं मला पटतं. धाराशिवसारखं जिल्ह्याचं ठिकाण त्या काळी लाइनीवर नव्हतं. त्याचं जवळचं स्टेशन येडशी. रुंदीकरण करताना लाइनीला वळण देऊन ती धाराशिवला नेली, तेव्हा कुठं त्या शहरानं गाडी पाहिली. तडवळ्यानं त्याच्या शंभर वर्षं आधी.

जेवणं झाली. बायका कोपीभोवती बसल्या, पोरं बोरीवर चढली. तेवढ्यात मालगाडी गेली. लांबलचक, मोजता मोजता डबे चुकले. आण्णा तिच्याकडं बघत म्हणाले, “पाण्याची गाडी बी अशीच गेली.”

एप्रिल २०१६. लातूर शहराच्या नळांना पाणी नव्हतं आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी पाठवलं गेलं. पहिली गाडी दहा टाक्यांची, एका टाकीत ५० हजार लिटर, एकूण ५ लाख लिटर. नंतर ५० टाक्यांची गाडी धावू लागली. तिला जलदूत असं नाव पडलं. देशभर बातम्या झाल्या, पण ती कुठल्या वाटेनं आली हे फार थोड्यांनी लक्षात घेतलं. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, येडशी, कळंब रोड, लातूर. धाराशिवचं नवं वळण सोडलं तर सगळी वाट जुन्या बार्शी लाईटची. मिरजेपर्यंतचा तुकडा १९२७ मध्ये पुरा झाला होता. कॅल्थ्रॉप त्याच वर्षी गेला. कृष्णाकाठ आणि मांजराकाठ जोडणारी ही लाइन त्यानं कापसासाठी, गळितासाठी योजली होती. त्याच वाटेनं एक दिवस पिण्याचं पाणी जाईल, हे कुणाच्या ध्यानीमनी असेल?

“आमी हितं हुबं ऱ्हाऊन बघायचो,” आजी म्हणाल्या. “आमच्या बी हिरीला तळ लागलेला. टाक्यातनं थेंब थेंब गळायचं पाणी. बायका पदर वला करून घ्यायच्या.” त्यांनी हे कुठल्याही तक्रारीशिवाय सांगितलं. मी काही बोलू शकले नाही. हातातली आंबील तेवढी हळूहळू प्यायले.

दिवस मावळताना शेताच्या बांधावरून हेंडगा फिरवला. पेटलेली पेंढी घेऊन पोरं पळत होती आणि एका शेतातला जाळ पाहून दुसऱ्या शेतात पेटत होता. लाइनीच्या दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर जाळाचे ठिपके. निघताना आजींनी स्टीलच्या डब्यात भज्जी भरून दिली. मी नको नको म्हणाले. “घेऊन जा. डबा कवाबी आणून दे,” म्हणाल्या. रात्री ढोकीला मुक्काम केला.

चौथा दिवस : तेर आणि लातूर

ढोकीहून तेर जवळ. सकाळी तिकडं जाऊन आले. गोरोबाकाकांचं तेर. संत गोरा कुंभार मडकी थापटून कच्चं-पक्कं ओळखायचे, त्यांच्या थापटण्याची आणि आजोबांच्या हातोड्याची मला एकदम सांगड दिसली. दोघांनाही आवाजावरून कळायचं.

तेरला जायचं कारण आणखी एक होतं. तेर म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासग्रंथात तगरचं नाव आहे. तगरहून साधं कापड आणि तलम मलमल गाड्यांवर घालून, वाट नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला नेतात, असं त्यात लिहिलं आहे. म्हणजे या मातीतला कापूस समुद्राकडं न्यायचा खटाटोप कॅल्थ्रॉपच्या कितीतरी आधीचा. तेरच्या संग्रहालयात मातीच्या, हस्तिदंताच्या वस्तू पाहताना मला त्या गाड्यांची चाकंच दिसत राहिली. तेरच्या लामतुरे यांनी गावात सापडलेल्या वस्तू जपून ठेवल्या म्हणून हे संग्रहालय उभं राहिलं. एका गावच्या माणसांनी आपल्या जमिनीतलं असं वेचून ठेवावं, ही मोठी गोष्ट आहे. बार्शी लाईटचे टोकन, कंदील, चाव्या, तिकिटं कुणी अशी वेचली आहेत का? लाइनीवरच्या घरांत माळ्यावर पडलेलं असेल काही. आमच्याकडं आजोबांचा हातोडा आहे. तो मी कुणाला मोडीत देऊ देणार नाही.

ढोकीहून पुन्हा गाडी. साखर कारखान्याची धुराडी, मुरूड, औसा रोड (आणखी एक रोड), हरंगुळ. हरंगुळजवळ रेल्वेचा डबे बनवायचा कारखाना आहे. तिथं डब्याचा पहिला सांगाडा २०२० च्या डिसेंबरात तयार झाला. ज्या लाइनीचे डबे लीड्सहून बोटीनं यायचे तिच्याच कडेला आता डब्यांचा कारखाना उभा आहे.

लातूरला दुपारी पोचले. रात्रीच्या मुंबईच्या गाडीचं तिकीट काढलेलं होतं. गंजगोलाईत फिरले. गोलाकार बाजार, मधोमध अंबाबाईचं देऊळ आणि चारी बाजूंनी फुटलेले रस्ते. जुन्या मालधक्क्यापासून इथं बैलगाड्यांची रांग लागायची, असं एक आडत्या सांगत होता. थोडं ऐकलं, थोडं सुटलं. माझं लक्ष पिशवीतल्या डब्याकडं होतं. भज्जी सकाळीच संपली होती.

आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत. आजी असती तर तिनं त्यात निदान मूठभर साखर तरी घालून दिली असती. गोलाईतून पावशेर खारीक, खोबरं, थोडा डिंक घेतले, डब्यात भरले आणि स्टेशनवर आले. मुंबईचं तिकीट रद्द केलं. मग साध्या तिकिटाच्या खिडकीशी जाऊन म्हणाले, “एक तडवळे द्या.”

खिडकीतल्या पोरानं यंत्रावर शोधलं. मान हलवली.

“कळंब रोड,” मी म्हणाले. “एक कळंब रोड द्या.”